एका वृंदगानाच्या फाइली आणि म्यूझस्कोअरच्या दोन आवृत्त्या

ऑक्टोबर २०२३ मधला एक रविवार. सदाशिव पेठेतल्या शाळेच्या वरच्या मजल्यावर आमच्या वृंदगानाची दिवाळी पहाटेची तालीम चालू होती. अहिर भैरवातली झपतालाची रचना, आमच्याच गटात बसवलेली. दुसऱ्या ओळीला खालच्या पट्टीतल्या बायकांनी रिषभ, म्हणजे रे, शुद्ध घेतला. एकीने घेतला असता तर लक्ष चुकलं म्हटलं असतं. सातहीजणींनी घेतला, आणि अगदी सुरेल घेतला.

हार्मोनियमवरच्या काकांनी भाता थांबवला. "अहो, कोमल आहे तो. अहिर भैरव गातोय आपण."

सातहीजणींनी कागद वर करून दाखवले. कागदावर 'रे' होता आणि त्याच्याखाली कोमल स्वराची खूण असलेली रेघ नव्हती. नीट पाहिलं तेव्हा रेघ सापडली, पण ती सरकून पुढच्या 'ग'च्या खाली गेली होती. म्हणजे कागदाप्रमाणे रे शुद्ध आणि गंधार कोमल. गंधार सवयीने बरोबर लागला, रिषभ मात्र कागदाने फसवला.

त्या एका रेघेमागे काय घडलं होतं ते इथे सविस्तर मांडते आहे. नोटेशनच्या, म्हणजे स्वर लिहिण्याच्या, सॉफ्टवेअरची जुनी आणि नवी आवृत्ती एकत्र वापरणारे बरेच गट असतील आणि आमची चूक कुणाचीही होऊ शकते.

पार्श्वभूमी

आमच्या गटात ३२ गाणारे आहेत. साथीला हार्मोनियम, कीबोर्ड, दोन व्हायोलिन, बासरी आणि तबला. व्हायोलिन आणि कीबोर्डवाले स्टाफवरचं, म्हणजे पाश्चात्त्य पद्धतीच्या पाच रेघांवरचं, वाचतात, गाणाऱ्यांपैकी बहुतेकांना सरगम लागते. म्हणून प्रत्येक रचनेच्या फाइलमध्ये वर स्टाफ, त्याखाली देवनागरीत सरगम आणि त्याखाली शब्द असतात. स्टाफवर सा म्हणजे हार्मोनियमची पांढरी एक धरून लिहितो, गाताना पट्टी जी असेल ती. अशा ६४ रचना आमच्याकडे आहेत आणि त्यातल्या बहुतेक मी लिहून काढल्या आहेत.

हे सगळं आम्ही म्यूझस्कोअर या नोटेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये करतो. तो मोफत आहे, आणि बारा-पंधरा जणांना एकच सॉफ्टवेअर बसवायला सांगायचं तर ही बाब मोठी असते. त्याची दुसरी आवृत्ती २०१५ साली आली, तिसरी २०१८ च्या डिसेंबरात, चौथी २०२२ च्या डिसेंबरात. लॉकडाउनमध्ये तालमी बंद होत्या तेव्हा आम्ही सगळ्यांनी ३.५ बसवली, फाइली एकमेकांना पाठवल्या आणि पुढे तीन वर्षं त्याला कुणी हात लावला नाही.

चौथी आवृत्ती आमच्याकडे आणली ती व्हायोलिनची रचना करणाऱ्या मुलीने. ती कर्वेनगरला राहते, इंजिनिअरिंगला आहे आणि वाद्यमेळाचं तिचं डोकं विलक्षण चालतं. चौथ्या आवृत्तीबरोबर म्यूझ साउंड्स नावाचे नवे आवाज वेगळे उतरवून घेता येतात. त्यातली व्हायोलिनं ऐकून आपण लिहिलेलं प्रत्यक्षात कसं वाजेल याचा खरोखर अंदाज येतो. जुन्या आवृत्तीत व्हायोलिन म्हणजे एक सपाट सूर. तिने नवी आवृत्ती घेतली ती हौस म्हणून नाही, तिच्या कामाला ती लागत होती.

काकांची गरज नेमकी उलटी. त्यांचा लॅपटॉप विंडोज ७ चा, तोही ३२ बिटचा. चौथ्या आवृत्तीला ६४ बिटची विंडोज १० लागते, त्यामुळे ती तिथे बसणारच नाही. हा लॅपटॉप ते इंटरनेटला जोडत नाहीत, फाइली पेनड्राइव्हवरून घेतात. वय ७४. त्यांना "नवीन लॅपटॉप घ्या" म्हणणं सोपं आहे. पण निम्म्या चाली ज्यांच्या आहेत, त्या माणसाची बसलेली घडी सॉफ्टवेअरसाठी मोडायची हे मला पटत नाही. तेव्हा दोन्ही आवृत्त्या राहणार हे ठरलेलंच होतं. त्या कशा राहतील हे मात्र आम्ही कधी ठरवलं नव्हतं.

घडलं ते असं

गुरुवारी रात्री त्या मुलीला अहिर भैरवाच्या फाइलमध्ये व्हायोलिनचा एक सूर बदलायचा होता. फाइल आमच्या सामाईक गूगल ड्राइव्हच्या फोल्डरमध्ये होती. तिने त्या फाइलवर डबल क्लिक केलं. तिच्या लॅपटॉपवर दोन्ही आवृत्त्या होत्या, पण चौथी नंतर बसवल्यामुळे एमएससीझेड फाइली, म्हणजे म्यूझस्कोअरच्या फाइली, आता तिच्यातच उघडत होत्या. फाइल उघडताना तिला विचारलं गेलं: ही फाइल जुन्या आवृत्तीतली आहे, मांडणी थोडी बदलू शकते, नवा स्वरचिन्हांचा फाँट लेलँड आणि नवा अक्षरांचा फाँट एडविन लावू का? तिने हो म्हटलं. सूर बदलला, त्याच नावाने सेव्ह केलं, लॅपटॉप मिटला. सगळं मिळून पाच मिनिटांचं काम.

शनिवारी मी तीच फाइल पेनड्राइव्हवर घालून काकांना दिली. संध्याकाळी त्यांचा फोन आला. "बाई, ही उघडत नाही. नव्या आवृत्तीत केलेली आहे म्हणतंय." त्याच क्षणी मी थांबायला हवं होतं. मी घाईत होते. "काका, राहू दे, उद्या छापूनच आणते," म्हणाले, माझ्या लॅपटॉपवरच्या चौथ्या आवृत्तीतून पीडीएफ काढली आणि लक्ष्मी रोडजवळच्या झेरॉक्सवाल्याकडून ३५ प्रती करून घेतल्या. पान चाळून पाहिलं, पण स्टाफ पाहिला. सरगमच्या खालच्या रेघा पाहिल्या नाहीत.

दोष कुणा एकाचा नव्हता आणि सॉफ्टवेअरचा तर नव्हताच. त्याने मुलीला विचारलं होतं, काकांना सांगितलं होतं. आम्हीच दोनदा पुढे गेलो.

रेघ का सरकली

स्वरलेखनाच्या भातखंडे पद्धतीत कोमल स्वराखाली आडवी रेघ असते आणि तीव्र मध्यमावर उभी. संगणकावर ही आडवी रेघ काढायला मी युनिकोडमधलं अनुदात्ताचं चिन्ह वापरते. वेदपाठात अक्षराखाली येणारी आडवी रेघ ती हीच. 'रे' टाइप करून पुढे ते चिन्ह दिलं की 'रे॒' असा कोमल रिषभ तयार होतो. तीव्र मध्यमालाही वर उभी रेघ देणारं चिन्ह तिथेच शेजारी मिळतं, 'म॑'. ही युक्ती चांगली आहे, पण ती रेघ नेमकी कुठे बसेल हे पूर्णपणे फाँटवर अवलंबून असतं.

तिसऱ्या आवृत्तीत ३.६ येईपर्यंत अक्षरांसाठी ठरलेला फाँट फ्रीसेरिफ होता. त्यात देवनागरी आहे. आम्ही कधीच वेगळा फाँट निवडला नव्हता आणि तरीही सगळं छान दिसत होतं, ते या योगायोगाने. ३.६ पासून एडविन आला. दिसायला सुंदर आहे, पण त्यात देवनागरी नाही. मग जे अक्षर फाँटमध्ये नाही ते संगणक स्वतःच्या दुसऱ्या कुठल्यातरी फाँटमधून उसनं आणतो. उसन्या अक्षराची रुंदी वेगळी, रेघेची जागा वेगळी. गुरुवारच्या त्या एका 'हो'मुळे आमची पूर्ण सरगम उसन्या फाँटवर गेली होती.

म्हणजे तपासणीत निघालेलं पहिलं कारण आवृत्तीचं नव्हतंच. देवनागरी मजकुराला देवनागरी फाँट आम्ही स्वतः लावलेला नव्हता. आवृत्ती बदलली आणि ते उघडं पडलं.

फाइलच्या पोटात

सोमवारी मुलगी आणि मी माझ्या जेवणाच्या टेबलावर बसलो. एमएससीझेड फाइल म्हणजे खरं तर एक झिप असते. फाइलची प्रत काढायची, शेवटचं एमएससीझेड खोडून तिथे झिप लिहायचं आणि उघडायचं. आत एमएससीएक्स नावाची फाइल दिसते, ती नोटपॅडमध्ये उघडते. सुरुवातीच्याच दोन-तीन ओळींत 'प्रोग्रामव्हर्जन' अशी खूण आणि तिच्यापुढे आवृत्तीचा आकडा असतो. मागच्या महिन्याच्या प्रतीत ३.५.२ होतं, गुरुवारच्या प्रतीत ४.१.१. शिवाय नव्या प्रतीच्या झिपमध्ये जास्तीच्या फाइली होत्या: मांडणीची वेगळी, आवाजांची वेगळी. तिसऱ्या आवृत्तीत मांडणी मुख्य फाइलमध्येच असते.

हे बघितल्यावर मला बरं वाटलं. फाइलला कोणी हात लावला यावर भांडण होण्यापेक्षा नोटपॅडमधली एक ओळ बघणं कितीतरी चांगलं. तेव्हापासून शंका आली की आम्ही हीच ओळ बघतो.

जुनी प्रत परत मिळाली ती गूगल ड्राइव्हमुळे. अशा फाइलींच्या आधीच्या प्रती तो साधारण ३० दिवस ठेवतो. बुधवारची प्रत उतरवली, तिच्यात व्हायोलिनचा तो एक सूर बदलला आणि काकांना दिली. गाणाऱ्यांना नवे कागद दिले आणि पुढच्या रविवारी रिषभ जागेवर आला. ड्राइव्हवर नसतं तरी थोडी आशा होती: चौथी आवृत्ती सेव्ह करताना आधीची प्रत एमएससीबॅकअप नावाच्या लपवलेल्या फोल्डरमध्ये ठेवते. पण ती एकच पायरी मागची असते. दोनदा सेव्ह केलं असतं तर जुनी प्रत तिथूनही गेली असती.

काकांना हे सगळं समजावून सांगत होते. फाँट आणि झिप त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "म्हणजे पलुस्करांच्या पद्धतीतला बिंदू भातखंडेवाल्याने वाचावा तसं झालं."

इतकं चपखल मला सांगता आलं नसतं. पलुस्कर पद्धतीत स्वराच्या डोक्यावर बिंदू म्हणजे मंद्र, खालचं सप्तक. भातखंडे पद्धतीत डोक्यावर बिंदू म्हणजे तार, वरचं सप्तक. कागद तोच, खूण तीच, आणि वाचणारा दोन सप्तकं चुकतो. विनायकबुवा पटवर्धनांनी १९३२ साली पुण्यात गांधर्व महाविद्यालय सुरू केलं तेव्हापासून पलुस्करांची परंपरा इथे घट्ट आहे, आणि भातखंड्यांची पद्धतही घरोघरी पोहोचलेली आहे. काकांच्या पिढीने दोन्ही वह्या शेजारी ठेवून आयुष्य काढलं. वहीच्या पहिल्या पानावर पद्धत लिहायची, हा त्यांच्या गुरुजींचा दंडक होता. आमच्या फाइलींच्या नावात आवृत्ती नव्हती.

दिवाळीनंतर केलेलं काम

कार्यक्रम होईपर्यंत आम्ही काहीही हलवलं नाही. कार्यक्रमाच्या तीन आठवडे आधी आवृत्ती बदलू नये, या मतावर मी ठाम आहे.

दोन्ही आवृत्त्या एका लॅपटॉपवर बसवण्यात काहीच अडचण नाही. त्यांचे प्रोग्राम वेगळ्या फोल्डरमध्ये जातात, सेटिंग्ज वेगळ्या राहतात, डॉक्युमेंट्समध्येही म्यूझस्कोअर ३ आणि म्यूझस्कोअर ४ अशी दोन घरं तयार होतात. जुनी काढून टाकावी लागत नाही. आम्ही तिसऱ्या आवृत्तीत सगळ्यांना ३.६.२ वर आणलं, कारण तिसरीतली अखेरची ठरलेली आवृत्ती ती, आणि काकांच्या लॅपटॉपवर ती चालते. तिची पोर्टेबल, म्हणजे न बसवता चालणारी, प्रत एका पेनड्राइव्हवरही ठेवली आहे.

डबल क्लिकचा बंदोबस्त केला. विंडोजमध्ये एमएससीझेड फाइलवर उजवं क्लिक करून 'ओपन विथ'मधून तिसरी आवृत्ती कायमची ठरवून दिली. नव्या फाइली मुद्दाम चौथा प्रोग्राम उघडून, त्याच्या आतून उघडायच्या. चुकून उघडायची झालीच तर ती जुन्यात उघडायचा प्रयत्न होऊ दे. तिथे फार तर नकार मिळेल, फाइल बदलणार नाही.

फाइलीच्या नावात ३ किंवा ४ आलं. एका रचनेची मूळ फाइल एकाच आवृत्तीत असते आणि ती दुसरीकडे जाऊन परत येत नाही. सुरुवातीला मुलीचा याला विरोध होता. तिचं म्हणणं, फाइल चौथीत नेऊ, व्हायोलिन लिहू आणि परत तिसरीत आणू. तसं करून पाहिलं. परतीची थेट वाट नाही, म्युझिकएक्सएमएलमधून यावं लागतं. नोटेशनची सगळी मोठी सॉफ्टवेअर हा फाइलचा प्रकार लिहितात आणि वाचतात. २००४ साली त्याची पहिली आवृत्ती आली, आता तो वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमच्या गटाकडे आहे. आमची फाइल त्यातून परत आली तेव्हा सूर, मात्रा, बंधनं, शब्द सगळं बरोबर होतं. सरगम मात्र विस्कटली होती. काही स्वर स्टाफवर चढले होते, काही शेजारच्या मात्रेवर गेले होते.

कारण शोधायला दोन संध्याकाळी लागल्या. आमची सरगम एका प्लगइनने, म्हणजे सॉफ्टवेअरला जोडायच्या छोट्या प्रोग्रामने, उमटायची. तिसऱ्या आवृत्तीबरोबर सुरांची नावं लिहिणारं एक प्लगइन येतं, त्यातल्या इंग्रजी अक्षरांच्या जागी कुणीतरी सा, रे॒, रे, ग॒, ग असं भरून दिलं होतं. ते प्लगइन नाव लिहितं ते स्टाफवरचा मोकळा मजकूर म्हणून. मोकळा मजकूर मात्रेला टांगलेला असतो आणि त्याची जागा अंतराने ठरते. दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये अंतराचा हिशोब बदलला की तो इकडेतिकडे जातो. गाण्याचे शब्द मात्र थेट सुराला बांधलेले असतात. सूर जाईल तिथे शब्द जातो.

मग आम्ही सरगमच शब्द म्हणून लिहायला लागलो. शब्दांची पहिली ओळ सरगमची, दुसरी ओळ खऱ्या शब्दांची. भातखंडे पद्धतीतही हेच असतं, वर स्वर आणि खाली बोल. इतकी वर्षं आम्ही ते उगीच वेगळ्या मार्गाने करत होतो. प्लगइन त्याप्रमाणे बदललं. लांबलेल्या मात्रांना अवग्रह (ऽ) आधी हाताने देत होतो, आताही हाताने देतो. सरगमच्या ओळीला नोटो सेरिफ देवनागरी हा फाँट ठरवून दिला आणि काकांच्या लॅपटॉपवरही तोच बसवला. यानंतर तीच फाइल म्युझिकएक्सएमएलमधून पाठवली तर रे॒ खालची रेघ रे॒ खालीच राहिली. मुलीने ते पान मोठं करून बराच वेळ बघितलं. "ताई, हे आधीच करायला हवं होतं," एवढंच म्हणाली.

चौथीत मात्र ते प्लगइन चालेना. यादीत दिसायचं, ओळ उमटायची नाही. त्यात काही ठिकाणं जुळवून घ्यावी लागली. त्यातलं एक सांगते, कारण अनेकांच्या जुन्या प्लगइनमध्ये ते अडेल: तिसरीत काम संपलं की क्यूटी डॉट क्विट असं लिहायचं असतं, चौथीत नुसतं क्विट. दोन्हीकडे चालेल अशी ओळ लिहिता येते आणि आम्ही तीच ठेवली.

तानपुऱ्याच्या आवाजासाठी आमचा एक साउंडफाँट, म्हणजे आवाजांची फाइल, आहे. तिसरीत तो सिंथेसायझरच्या खिडकीत जोडलेला असतो, चौथीत डॉक्युमेंट्समधल्या म्यूझस्कोअर ४ च्या साउंडफाँट्स फोल्डरमध्ये टाकून मिक्सरमध्ये त्या वाद्यापुढे निवडावा लागतो. एवढं माहीत असलं की पाच मिनिटांचं काम.

आणखी एक गोष्ट या काळात पक्की झाली. आमचं रेकॉर्डिंग करणाऱ्या संयोजकांच्या जुन्या फाइली फिनाले या दुसऱ्या नोटेशन सॉफ्टवेअरमध्ये आहेत. फिनालेने २०१४ च्या आवृत्तीत फाइलचा प्रकार एकदा बदलला होता, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये तर ते सॉफ्टवेअर पुढे विकसित होणार नाही अशी घोषणा झाली. १९८८ पासून चाललेलं सॉफ्टवेअर. त्या आठवड्यात त्यांनी वीस वर्षांच्या फाइली एकेक करून म्युझिकएक्सएमएलमध्ये काढायला सुरुवात केली. आम्हीही आता प्रत्येक रचनेच्या शेजारी एक पीडीएफ आणि एक म्युझिकएक्सएमएल ठेवतो. ६४ रचनांचं करायला सहा रविवार गेले.

आजची स्थिती

जुन्या रचना ३.६.२ मध्येच आहेत. हलवायचं कारण पडलं तरच एखादी चौथीत जाते, आतापर्यंत नऊ गेल्या. गेली की तिसरीतली प्रत 'जुनी' नावाच्या फोल्डरमध्ये जाते आणि तिला कोणी हात लावत नाही. नव्या रचना चौथीत होतात. त्यांची म्युझिकएक्सएमएल प्रत शनिवारी पेनड्राइव्हवरून काकांकडे जाते. ते ती तिसरीत उघडून ऐकतात, पण त्यात काही बदलत नाहीत. बदल छापील कागदावर पेन्सिलने करतात आणि रविवारी माझ्या हातात देतात, मी ते मूळ फाइलमध्ये घालते.

अहिर भैरवाची रचना अजून तिसऱ्या आवृत्तीत आहे. मुलगी दर दोन महिन्यांनी विचारते, आता तरी नेऊ या का. व्हायोलिनचे तुकडे तिला नव्या आवाजात ऐकायचे आहेत. तिची मागणी रास्त आहे. तिने वेगळ्या नावाने प्रत काढून चौथीत ऐकावी, मूळ फाइल तिथेच राहू दे, असं आमचं ठरलं आहे. गेल्या रविवारी काकांनी परत दिलेल्या त्या रचनेच्या कागदावर सगळ्या कोमल रिषभांखालच्या रेघा पेन्सिलने पुन्हा गिरवलेल्या होत्या.